वरची दाढ

गहिनीअण्णा माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, थेट तोंडात बघतात. बदली होऊन मी या गावच्या शाळेत आले, त्यांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं आणि पहिल्याच दिवशी कुंपणापाशी जाऊन रीतसर नमस्कार केला, नाव सांगायला लागले. अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून बोटाएवढी बॅटरी काढली आणि म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या बाई. आ करा."

तोंड उघडा आणि तोंड मिटा हे आयुष्यभर मी दुसऱ्यांना सांगत आलेय. पण त्या माणसाच्या बोलण्यात इतका सहजपणा होता की मी रस्त्यावर उभ्या उभ्या तोंड उघडलं. अण्णांनी डावीकडून, उजवीकडून उजेड पाडला, बॅटरी विझवली आणि विचारलं, "घासताना हिरड्यातनं रगत येतं का?"

"कधी कधी येतं."

"तहान लई लागती? लघवीला सारखं उठावं लागतं?"

मागं आमचे हे ट्रंक उतरवत होते. ते हसू दाबायला ट्रंकेआड वाकले. मी शरमेनं अर्धी झाले, घरात आले आणि या शेजाऱ्याशी बोलायचं नाही असं ठरवून टाकलं. आठवड्याभरानं मुकाट्यानं शेवगावला जाऊन रक्त तपासलं. साखर निघाली. तेव्हापासून अण्णांवर माझा निम्मा विश्वास बसला, आणि उरलेल्या निम्म्या जागेत त्यांची धास्ती.

अण्णांची हयात शेवगावच्या बैलबाजारात दलाली करण्यात गेली. बैलाला जन्माचा दाखला नसतो, त्याचं वय दातावरून ठरतं. दुधाच्या दाताचा तो आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात आले की बैल 'जुळला'. विकणारा शपथा घेऊन खोटं बोलतो, बैलाचं तोंड बोलत नाही. अण्णा ओठ वर करायचे आणि तिथल्या तिथं सांगायचे की बैल कितीचा, चारा नीट खातो का, अंगात काही दुखणं आहे का. पुढं ट्रॅक्टर आले, बाजार रोडावला, अण्णांचे गुडघेही गेले. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. बैल मिळेनात तेव्हा अण्णा माणसांकडं वळले.

"आधी दार बघा, मग घर बघा," हे त्यांचं पालुपद. तोंड म्हणजे दार. "दार कुजल्यावर आत काय शिरंल त्याचा नेम हाय का? लोक पोट दाबत्यात, छाती तपासत्यात, पायाला पट्ट्या बांधत्यात. दाराकडं कोन बघत न्हाई."

दसऱ्यानंतर गावातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. माझा निम्मा वर्ग रिकामा होतो. तेव्हा ट्रकच्या फाळक्यापाशी अण्णा उभे. भांडीकुंडी, शेळ्या, पोरंबाळं वर चढत असतात आणि अण्णा एकेकाला थांबवून आ करायला लावतात. "तिकडं फडात दाढ ठनकली तर कोन बघनार हाय? आत्ताच दाखवून ये. ट्रक थांबंल." ट्रक काही थांबत नाही. मुकादम शिव्या घालतो. तरी दरवर्षी दोघंतिघं खाली उतरतात आणि मागच्या टेम्पोनं जातात.

गल्लीतल्या एका मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा अण्णा बोलावल्याशिवाय जाऊन बसले. पोहे झाले, चहा झाला, सगळं जमत आलं. अण्णांनी नवऱ्या मुलाला सांगितलं, "पावनं, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला." मुलाची दोनच बोटं गेली. गुटख्यानं तोंड आवळत आणलं होतं. पाहुणे तणतणत उठले आणि मुलीचा बाप महिनाभर अण्णांशी बोलला नाही. पुढं त्या मुलावर उपचार सुरू झाल्याचं कळलं तेव्हा तोच बाप खालमानेनं आला. अण्णा म्हणाले, "माझं काय घिऊन बसलाय. पोराला वेळंवर नेलं का?"

अशा माणसाच्या शेजारी माझी आई राहायला आली आणि माझी झोप उडाली.

आई कर्जतकडची. वडील गेल्यावर मी तिला माझ्याकडं आणली. तिलाही साखर, माझ्याआधी कितीतरी वर्षांची. संक्रांतीच्या सुमाराला चपलेच्या पट्ट्यानं तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट सोललं. एवढीशी जखम. ती भरेना. शेवगावच्या डॉक्टरांनी दोनदा इन्सुलिन वाढवलं, साखर जागची हलेना. खाणं मोजून, गोड बंद, तरी तीच गत. बोट लाल झालं, मग जांभळं, मग टोकाला काळं पडायला लागलं. नगरच्या सर्जननी पाय हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, "सोमवारी या. तोवर साखर उतरली नाही तर बोट काढू. आणखी लांबवलं तर पाऊल वाचेल असं मी सांगू शकत नाही."

तो बुधवार होता. मधे चार दिवस. सकाळ-संध्याकाळ मी आईच्या हाताच्या बोटाला सुई टोचून साखर बघायची आणि आकडा वाचून यांच्याकडं बघायची. हे मग यंत्र पुसून ठेवायचे.

गुरुवारी शाळेतून आले तर अण्णा कुंपणाशी उभे. "बाई, आक्कांच्या तोंडात काय तरी हाय."

"आईच्या पायात आहे, अण्णा."

"पायात हाय ते डाक्टर बघतोय. मी ताटाचं म्हनतो. उन्हाला बसून जेवत्यात तवा बघतो मी. भाकरीचा काठ उरतो. मऊ तेवढं खात्यात, ते बी डाव्या अंगानं. आन् पदर सारखा उजव्या गालावर."

मी आईला विचारलं. आई उसळली. "तो मेला माझ्या ताटात कशाला बघतोय? त्याला काय कामधंदा न्हाई?"

"पण काही दुखतंय का?"

"काय दुखत न्हाई. मिसरी लावते की रोज."

अण्णांचा मिसरीवर फार राग. एकदा त्यांनी कुणाची तरी मिसरीची डबी थेट उकिरड्यात फेकली होती. त्यामुळं आईनं मिसरीचं नाव घेतल्यावर कुंपणापलीकडून बॅटरी चालत आलीच. अण्णा पायरीशी उभे राहिले. "आक्का, मी लांबनंच बघतो. नुस्तं आ करा."

आईनं पदर ओढला. "परक्या गड्याला मी तोंड दाखवायची न्हाई. सुमन, दार लाव."

अण्णा हलेनात. दार, घर, कुजणं, शिरणं सगळं सुरू झालं. मी कालपासूनची भरलेली होते. मी बोलून गेले, "अण्णा, माझी आई म्हणजे बाजारातला बैल नाही. तिचा पाय सडायला लागलाय आणि तुम्हाला दात सुचतायत."

अण्णांनी बॅटरी खिशात ठेवली. "बरं," म्हणाले आणि गेले. नंतर शुक्रवारी नाही, शनिवारी नाही, कुंपणाकडं ते फिरकले नाहीत. मला वाईट वाटलं, पण सांगायला जायला वेळ कुणाला होता.

शनिवारी साखर साडेतीनशेच्या वर होती. रविवारी सकाळी पायाची पट्टी सोडली तेव्हा काळेपणा नखाच्या खाली सरकलेला. आईचं अंगही कढत लागलं. मी कापूस बदलत होते आणि आई वेदनेनं गालाला हात लावत होती. पायाला नाही, गालाला. मी तशीच उठले, मोबाईलचा उजेड लावला आणि म्हणाले, "आई, तोंड उघड."

"कशाला?"

"उघड म्हणते ना."

चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणारा आवाज मी आईवर पहिल्यांदाच वापरला. तिनं तोंड उघडलं. उजवीकडची वरची दाढ निम्मी कुजून काळी झाली होती, तिच्यावरची हिरडी टरारून फुगलेली, आणि कडेनं पू. मी उजेड बंद केला.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आदीपासनं. कळ आली की मिसरी दाबायची, मग जरा बरं वाटतं."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर काढाया नेलं असतंस." आईनं पदर पुन्हा गालावर घेतला. "वरची हाय ती. डोळ्याची शीर तिथनंच जाती. दाढ काढली की डोळं जात्यात. त्या रखमाचं न्हाई का गेलं?"

"रखमामावशीला मोतीबिंदू होता."

"दाढ काढल्यावरच झाला की."

मी फळ्यावर शिकवतात तसं समजावलं. दातांच्या शिरा वेगळ्या, डोळ्यांच्या वेगळ्या. तोंडात पू साचला की साखर आवरत नाही, आणि साखर आवरली नाही की पायाची जखम भरत नाही, हेही सांगितलं. हे सांगताना माझं मलाच कळत होतं की हे सगळं गुरुवारी कुणीतरी पायरीशी उभं राहून सांगत होतं. आई ऐकत होती, पण मानत नव्हती.

"उद्या बोट कापायचं म्हनतोय ना डाक्टर? कापू दे. चप्पल घातल्यावर कुनाला दिसतंय बोट? डोळं गेल्यावर काय करू? जावयाच्या घरात आंधळी हून बसू?"

हे दारातच होते. ते खाली बघत आत निघून गेले. याच जावयानं तिला नगरच्या दवाखान्याच्या जिन्यावरून पाठुंगळी नेलं होतं. आईला ते ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं म्हणूनच तिला आणखी ओझं व्हायचं नव्हतं. मला तिचा भयंकर राग आला आणि तितकंच रडू आलं.

मी कुंपण ओलांडून अण्णांकडं गेले. अण्णा ओसरीवर ज्वारी निवडत बसले होते. "अण्णा, मी चुकले. तुमचं खरं होतं. वरची दाढ आहे, पू झालाय." अण्णा लगबगीनं उठले, बॅटरीला हात घातला. मी म्हणाले, "पण ती काढू देत नाही. डोळे जातील म्हणते."

अण्णा उठले होते ते परत बसले. बॅटरी त्यांनी खिशातून काढून ज्वारीच्या सुपाशेजारी ठेवून दिली. मग तसेच रिकाम्या हातानं माझ्या मागोमाग आले.

आई खाटेवर होती. अण्णा खाली जमिनीवर बसले, तोंड भिंतीकडं करून. आईकडं न बघता म्हणाले, "आक्का, तोंड दाखवू नगा. मी बघाया आलो न्हाई. एक सांगाया आलो."

आई सावध होऊन ऐकू लागली.

"आमची कारभारीन, सरू. तिला बी साखर हुती. तिची बी वरचीच दाढ. डाक्टर म्हनला काढावी लागंल. ती तयार हुती. मीच म्हनलो, न्हाई."

"का?" आईनं विचारलं.

"डोळं लई चांगलं हुतं तिचं. मी बाजारातनं यायचो, तर गावाच्या खालच्या वड्यापाशी आसतानाच तिला दिसायचो. जनावर आनलंय का न्हाई, आनलं तर कसलं, मी दमलोय का खुशीत हाय, समदं तिला तिकडनं कळायचं. मी दारात येस्तवर पानी तयार. म्हनलं, दाढ काय, मिसरीनं थांबंल. डोळं गेलं तर काय करायचं? मीच आनून दिली मिसरी. माझ्या हातानं भाजून."

आईनं गालावरचा पदर खाली घेतला.

"मग गाल सुजला. ताप चढला. तिसऱ्या रोजी सूज इतकी चढली की दोनी डोळं मिटलं. नगरला नेताना जीपमधी तिनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला, कोन हाय म्हनून. दवाखान्यात पोचलो तवा संपलं हुतं. लोकास्नी सांगितलं, तापानं गेली. ताप कशाचा ते मी कुनाला सांगितलं न्हाई."

"बैलाच्या तोंडात बोट घालून हयात गेली माझी," ते भिंतीलाच म्हणाले. "बायकूचं तोंड एकदा बघितलं न्हाई. बायकूचं कोन बघतं?" अण्णा उठले. "आक्का, तुमी तुमचं ठरवा. पर डोळ्यापायी थांबू नगा. मी थांबलोय."

ते गेले. मी त्यांच्या शेजारी तीन वर्षं राहत होते, त्यांची नक्कल करून शाळेत मास्तरांना हसवलं होतं. मला माझी लाज वाटली.

आईनं खाटेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाली, "सुमन, चांगलं लुगडं काढ. दवाखान्यात जायाचं तर हे नको."

रविवार असल्यामुळं शेवगावच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना बंद होता. यांनी पाटीवरचा नंबर फिरवला, आणि त्या आपल्या मुलाच्या वाढदिवसातून उठून आल्या. त्यांनी आधी नगरच्या सर्जनना फोन लावला. मग हिरडीतला पू काढला, औषधं चालू केली, आणि दाढ साखर जरा खाली आल्यावरच काढू म्हणाल्या. सर्जननी सोमवार पुढच्या सोमवारवर नेला. "एक आठवडा," ते म्हणाले, "त्यापुढं मला विचारू नका."

तो आठवडा मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. मंगळवारी साखर उतरली, बुधवारी पुन्हा चढली. गुरुवारी उतरली आणि उतरलेली राहिली. शुक्रवारी दाढ काढली. सोमवारी सर्जननी बोटाच्या टोकाची मेलेली कातडी साफ केली, नख गेलं, आणि बोट ठेवलं. ते म्हणाले, दाढेनं एकटीनं हे केलं असं नाही, साखर जुनी आहे, पायाची काळजी जन्मभर घ्यायची. पण तोंडात पू ठेवून पाय बरा करत बसलो असतो तर बसूनच राहिलो असतो.

या सगळ्यात अण्णा आमच्याकडं आले नाहीत. मी पेढे घेऊन गेले तर पेढे घेतले, पायाचं विचारलं आणि आत गेले. मला वाटलं, गुरुवारचं माझं बोलणं त्यांच्या मनातून गेलेलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी आले. आई अंगणात उन्हाला पाय लांब करून बसली होती. अण्णा पायरीपाशी थांबले. पायाकडं बघितलं नाही, तोंडाकडं तर नाहीच.

"आक्का," ते म्हणाले, "डोळ्याला काय फरक?"

"न्हाई की."

"पुसट? पानी येतं? सांजच्याला कमी दिसतं?"

"काय बी न्हाई. होतं तसंच हाय."

"मी मुद्दाम थांबलो. म्हनलं, लगीच कळत नसंल. इतक्या लोकास्नी धाडलं मी दवाखान्यात. दाढ काढून आलेल्या एकाला बी कधी इचारलं न्हाई, दिसतंय का म्हनून."

आईनं डोळ्यांवर हात धरून त्यांच्याकडं नीट बघितलं. "दिसतंय भाऊ. तुमच्या सदऱ्याचं दुसरं बटन न्हाई. तिथं टाचनी लावलीया, ती बी गंजलीया. एवढं दिसतंय."

अण्णांनी टाचणीवर हात ठेवला.

"म्हंजी तिला दिसलं आसतं," ते म्हणाले. "काढली आसती तरी दिसलं आसतं."

आईनं हात पुढं केला आणि म्हणाली, "सदरा द्या इकडं. आत बंडी हाय ना?" अण्णांनी शहाण्या मुलासारखा सदरा काढून दिला. मी सुई-दोऱ्याचा डबा आणला, दोरा ओवून द्यायला लागले, तर आईनं सुई माझ्या हातातून काढून घेतली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून तिनं ते एका खेपेत सुईत घातलं. अण्णा पायरीवर बसून तिच्या हातांकडं बघत राहिले.